मदत हवी आहे: तिकीट असून महोत्सवात आत सोडलं नाही, जबाबदार कोण?

कासारवडवलीकर | रविवार, सकाळी ७:५२

रात्रभर झोप नाही, म्हणून सकाळी सकाळी इथे लिहितेय. काल आमच्याजवळच्या मैदानावरच्या महोत्सवाची चार तिकिटं काढली होती, प्रत्येकी ७९९. गेटवर पोचलो तर गेट बंद. "आत फुल झालंय, उद्या या" म्हणाले. तिकिटावर तारीख कालची, मग उद्या कसं यायचं? पैसे परत मागितले तर "तिकिटावर लिहिलंय, पैसे परत मिळत नाहीत". दीड तास उभे राहून घरी आलो.

पोस्टरवर भलंमोठं "आपल्या शहराचा उत्सव" लिहिलं होतं, खाली सरकारी बोधचिन्हही होतं. उत्सव शहराचा असेल तर उत्तर कोण देणार? पोलीस, पालिका की आयोजक? ग्राहक मंचाचा सल्ला नको, तिथे वर्षं जातात. पटकन काय करता येईल ते सांगा.

---

सेक्टर१७ | ८:१५

ठाणे की नवी मुंबई? मैदान कोणाचं? तिकीट ॲपवरून काढलं की कागदी? पैसे कसे दिले? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

---

निळी_छत्री | ८:२१

ताई, तिकीट बनावट असणार. माझ्या भावाला गरब्याचे असेच खोटे पास विकले होते. लगेच १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीसाठीच तो क्रमांक आहे. बँकेलाही कळवा. उशीर झाला तर पैसे पुढच्या खात्यात जातात.

---

कासारवडवलीकर | ८:४०

बनावट नाही हो, आमच्या सोसायटीतली सात-आठ घरं त्याच लिंकवरून तिकिटं काढून आत गेली. घोडबंदर रोड म्हणजे ठाणेच ना. पैसे यूपीआयने दिले. बाकीचं महत्त्वाचं नाही. कोणाकडे जायचं तेवढंच सांगा.

---

ग्राहकमित्र७१ | ९:०५

बाकीचंच महत्त्वाचं आहे, ताई.

१. तिकिटावरचा क्यूआर गेटवर स्कॅन झाला का? झाला नसेल तर तुम्ही आत गेला नाहीत याचा तोच पुरावा. स्कॅन करून परत पाठवलं असेल तर मात्र आत्ताच सगळं वेळेसह लिहून ठेवा.
२. यूपीआयवर नाव कोणाचं आलं, संस्थेचं की कोणा व्यक्तीचं?
३. गेटवरचे फोटो आहेत का?

ग्राहक मंच नको म्हणालात, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ एकदा वाचा. सेवा दिली नाही आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत न करणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तिकिटावर "परत मिळणार नाहीत" छापलं म्हणून न दिलेल्या सेवेचे पैसे खिशात घालता येत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला जिल्हा ग्राहक आयोगात (म्हणजे तुम्ही म्हणता त्या मंचात) शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करा. बऱ्याचदा तेवढ्यावरच पैसे मिळतात.

---

फाइलवाला | ९:३०

ग्राहकमित्र, पैशांपुरतं तुमचं बरोबर आहे. पण ताईंनी विचारलंय की जबाबदार कोण. ते परवानगीच्या कागदाशिवाय कळणार नाही.

माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयात झाली, अशा फायली रोज पाहिल्यात. सार्वजनिक मैदान कार्यक्रमाला देताना अटी-शर्तींसह परवानगीपत्र निघतं. मैदान किती दिवसांसाठी, भाडं किती, अनामत किती, अग्निशमनचा ना-हरकत दाखला, पोलिसांची परवानगी, ध्वनिक्षेपकाची परवानगी, सगळं फाइलीत असतं. किती माणसं आत घ्यायची हा आकडाही त्यातल्याच एखाद्या कागदावर सापडतो. तो आकडा आणि विकलेल्या तिकिटांची संख्या शेजारी शेजारी ठेवली की उत्तर मिळालं.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर.

---

निळी_छत्री | ९:४१

३० दिवस? ताईंना आज मदत हवी आहे. समाजमाध्यमावर गेटचा फोटो टाका, पालिका, पोलीस, सगळ्यांना टॅग करा. संध्याकाळपर्यंत फोन येतो की नाही बघा.

---

फाइलवाला | ९:५०

फोन येईल, चार तिकिटांचे पैसेही मिळतील. बाहेर उभ्या राहिलेल्या बाकीच्यांचं काय? आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं तर?

---

तलावपाळी | १०:१०

मुळात शहराच्या उत्सवाला तिकीट कशाला? मासुंदा तलावाच्या काठी दिवाळी पहाटेला, राम मारुती रोडवर, पाडव्याच्या शोभायात्रेत कोणी तिकीट विचारत नाही. आम्ही लहानपणापासून जातो, गर्दी असते पण ती आपली गर्दी असते. मैदान आपल्याच करातून राखलं जातं, मग त्याच्याभोवती पत्रे ठोकून आत जायला ७९९ रुपये? माझा आक्षेप इथून सुरू होतो.

---

सेक्टर१७ | १०:२२

असं कसं? कलाकार, ध्वनियंत्रणा, सुरक्षारक्षक, शौचालयं, विमा, या सगळ्याला पैसे लागतात. तिकीट लावणं गैर नाही, तिकीट घेऊन हिशेब न देणं गैर आहे. आमच्याकडे नेरुळच्या स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले बँडचे तीन कार्यक्रम झाले, हजारो लोक आले-गेले. पण ते स्टेडियम खाजगी आहे. सार्वजनिक मैदानाला तो न्याय लावता येत नाही, म्हणून पुन्हा विचारतो, मैदान कोणाचं? पालिकेचं, सिडकोचं की बिल्डरच्या टाऊनशिपचं?

अवांतर: तिकीट ५०० च्या वर असेल तर गाण्याच्या कार्यक्रमाच्या प्रवेशावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमच्या तिकिटावर जीएसटी क्रमांक आहे का बघा.

---

कासारवडवलीकर | १०:५८

मैदान सार्वजनिकच आहे, मुलं रोज क्रिकेट खेळतात तिथे. यूपीआयवर कोणा एका माणसाचं नाव दिसतंय, संस्थेचं नाही. जीएसटी क्रमांक सापडला नाही. क्यूआर स्कॅन झाला नाही, कारण आम्ही पुढच्या गेटवर नव्हतोच. आईची व्हीलचेअर असल्यामुळे आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले गेट क्रमांक तीनने या, तिथे रॅम्प आहे. तिथे गेलो तर कुलूप. तिला ढकलत गर्दीतून पुढच्या गेटला येईपर्यंत तेही बंद झालं.

---

ग्राहकमित्र७१ | ११:०४

ताई! हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

---

निळी_छत्री | ११:०९

आई ठीक आहेत ना?

---

कासारवडवलीकर | ११:१५

ठीक आहे. पण रात्रभर एकच म्हणत होती, "माझ्यामुळे तुमचं सगळ्यांचं गेलं." मला पैशांपेक्षा तेच लागलंय. वर्षभरानंतर ती अशी बाहेर पडली होती. मी ते आधी लिहिलं नाही कारण वाटलं की त्याचा कायद्याशी काय संबंध.

---

ग्राहकमित्र७१ | ११:३२

फार जवळचा संबंध आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दलच आहे. इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावं हे तिथे स्पष्ट आहे. महाराष्ट्राचे दिव्यांग आयुक्त पुण्यात असतात, त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. आदल्या दिवशीच्या फोनची नोंद मोबाइलमध्ये असेल, तिचा स्क्रीनशॉट घ्या, पुसू नका. रॅम्पचं आश्वासन देऊन कुलूप लावणं ही नुसती गैरसोय नाही, ताई, सेवेतली त्रुटी आहे. पैसे परत आणि त्यावर नुकसानभरपाई, दोन्ही मागा.

---

मैदानाशेजारी | ११:५०

मी अशाच एका मैदानासमोर राहतो, आमची बाजूही ऐका. तुम्ही तिकीट काढून एक दिवस जाता, आम्ही तीन आठवडे भोगतो. आठ दिवस मंडप उभारायचा, चार दिवस कार्यक्रम, मग उतरवायचा. नंतर खड्डे आणि खिळे. गेल्या वर्षी माझ्या मुलाच्या तळपायात खिळा घुसला. रात्री दहानंतरही बास चालू, खिडकीच्या काचा थरथरतात. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, पण मोजतो कोण?

ठाण्यातल्याच डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मंडप आणि आवाजाबद्दल सविस्तर निकाल दिलाय. एका नागरिकाने पाठपुरावा केला म्हणून तो मिळाला. ताई, अर्ज करणारच असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी किती वाजेपर्यंत होती तेही विचारा.

---

सेक्टर१७ | १२:०२

धागा भरकटतोय. ताईंचा प्रश्न आवाजाचा नाही.

---

मैदानाशेजारी | १२:०६

मैदान एकच आहे ना? परवानगीचा कागदही एकच. तुम्हाला गेट दिसतं, मला खड्डा दिसतो.

---

फाइलवाला | १२:२०

दोघांचंही त्याच फाइलीत आहे. अनामत रक्कम मैदान पूर्ववत करण्यासाठीच असते. ती आयोजकाला परत देण्याआधी मैदानाची पाहणी झाली का, पाहणी अहवाल आहे का, हे विचारलंच पाहिजे.

---

स्टॉलवाली | १२:३१

या महोत्सवात खाऊच्या स्टॉलचं भाडं किती होतं कोणाला माहीत आहे का? माझा उकडीच्या मोदकांचा व्यवसाय आहे. पुढच्या वर्षीसाठी विचारतेय.

---

तलावपाळी | १२:४५

गेट बंद केलं यात मला आयोजकांची चूक वाटत नाही, हेही सांगतो. जागा संपल्यावर माणसं घेत राहणं जास्त धोक्याचं. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण दगावले. आपल्याकडे खारघरला १६ एप्रिल २०२३ ला उन्हात बसलेल्या गर्दीतले १४ जण उष्माघाताने गेले, तिथे तर तिकीटही नव्हतं. गर्दीचा हिशेब आधी करायचा असतो.

---

ग्राहकमित्र७१ | १२:५८

आधी करायचा म्हणजे तिकीट विकताना. क्षमता त्यांना ठाऊक होती, विक्रीचा आकडाही त्यांच्याच हातात होता. गेट बंद करणं बरोबर असेल, पण ती वेळ त्यांनीच आणली. म्हणून पैसे परत करणं ही मेहेरबानी नाही.

---

कासारवडवलीकर | दुपारी २:१०

सगळ्यांचे आभार. सकाळी चिडून लिहिलं, कोणाला तुटक बोलले असेन तर माफ करा. १९१५ वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. आयोजकांना ईमेल केला, त्यात ३० दिवसांचं कलम टाकलं. सोसायटीच्या गटावर विचारलं तर आणखी तीन कुटुंबं बाहेरूनच परतली होती, त्यात एक आजोबा काठी घेऊन चालणारे. सगळे सही करायला तयार आहेत.

माहिती अधिकाराचा मसुदा केलाय, बघता का?

"सदर महोत्सवाला परवानगी का दिली? क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकली जात असताना कोणी लक्ष का दिलं नाही? दिव्यांगांचं गेट बंद का होतं? याला जबाबदार अधिकारी कोण?"

---

फाइलवाला | २:३५

ताई, तळमळ पोचली, पण असा अर्ज दोन ओळींत परत येईल. माहिती अधिकारात "का" विचारायचं नाही. जो कागद त्यांच्याकडे आहे त्याची प्रत मागायची. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. असं लिहा:

विषय: अमुक मैदान, अमुक तारखांच्या कार्यक्रमाची परवानगी.
१. परवानगीपत्राची अटी-शर्तींसह प्रत.
२. मंजूर प्रेक्षकक्षमता दर्शवणाऱ्या कागदाची प्रत.
३. अग्निशमन ना-हरकत दाखल्याची प्रत.
४. प्रवेशद्वारे आणि दिव्यांगांचा मार्ग दाखवणाऱ्या मंजूर नकाशाची प्रत.
५. भाडे आणि अनामत भरल्याच्या पावत्यांच्या प्रती.
६. कार्यक्रमानंतरच्या मैदान पाहणी अहवालाची प्रत.
७. बोधचिन्ह वापरण्यास दिलेल्या परवानगीची प्रत.

सातवा मुद्दा विसरू नका. बोधचिन्ह वापरायची परवानगी दिली असेल तर "आमचा संबंध नाही" म्हणता येणार नाही, आणि दिलीच नसेल तर ते त्यांनाही कळायला हवं.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नका, कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील, त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्यानंतरचं दुसरं अपील माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे.

---

मैदानाशेजारी | २:४८

ध्वनिक्षेपक राहिला, काका.

---

फाइलवाला | २:५५

तो मूळ कागद पोलिसांकडचा, ताईंच्या अर्जात घातला तर दोन्ही रेंगाळतील. तुम्ही तुमच्या नावाने वेगळा करा, मी मसुदा करून देतो.

---

मैदानाशेजारी | ३:०१

करतो. खिळ्याचा फोटो अजून आहे माझ्याकडे.

---

कासारवडवलीकर | रात्री ९:२०

अर्ज लिहून झाला, ११८ शब्द भरले. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली अर्जदार म्हणून तिचं नाव घाला, गेटबाहेर ती बसली होती. सही तिनेच केली. उद्या सकाळी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून प्रत्यक्ष देऊन येते, पोच घेते. ३० दिवसांनी याच धाग्यावर लिहीन.

स्टॉलवाली ताई, शेजारणीने तिथे चकल्यांचा स्टॉल लावला होता. तिला भाडं विचारून कळवते.