रायबंदर ते दुर्भाट स्वतःच्या होडीने, कुंभारजुवे कालव्यातून. वाटेत लॉक लागतात का?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. भावोजी आणि मी मिळून एक सेकंड हँड फायबरची होडी घेतलीय, १८ फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर. सध्या रायबंदर-दिवाडी एवढ्यातच फिरवतो. आता डोक्यात असं आहे की मांडवीतून वर जायचं, जुनं गोवं मागे टाकून कुंभारजुवे कालव्यात शिरायचं, बाणस्तारी पुलाखालून थेट जुवारीत आणि मग दुर्भाटला मामांकडे जेवायला. रात्री तिथेच मुक्काम.

प्रश्न असा की मी यूट्यूबवर इंग्लंड-फ्रान्सचे कालव्यांचे व्हिडिओ बघत बसतो, लांबडी बोट, मधेमधे लॉकचे मोठे दरवाजे, माणसं उतरून हँडल फिरवतात, पाणी चढतं, बोट वर येते. आपल्या कालव्यात असलं काही आहे का? नसेल तर का नाही, दोन वेगळ्या नद्या जोडल्यात तर दोन्हीकडचं पाणी एका पातळीला कसं? आणि गणपतीची चवथ आटोपली की लगेच निघालो तर चालेल का? बायको म्हणते तिकडे मगरी आहेत, ती काही यायला तयार नाही.

बेतीचा_तांडेल

बाबा, लॉक नाही आणि लागतही नाही. लॉक कुठे लागतो, जिथे नदी किंवा कालवा डोंगर चढतो तिथे. आपल्या मांडवी-जुवारीत समुद्राची भरती आत कितीतरी किलोमीटर जाते, उसगांव-सांवर्डेपर्यंत खनिजाच्या बार्जी जायच्या त्या ह्याच पाण्यावर. कालव्याची दोन्ही तोंडं भरतीच्या पाण्यात आहेत, तिकडेही समुद्र आणि इकडेही समुद्र, मग चढायचं कुठे? सरकारदरबारी हा राष्ट्रीय जलमार्ग २७ आहे, १७ किलोमीटर, मांडवी ६८ नंबर आणि जुवारी १११. २०१६ च्या कायद्यात आले सगळे. नंबर मिळाला म्हणून चिखल कमी झाला असं समजू नको.

तुझा लॉक म्हणजे भरतीचं कोष्टक. मुरगांव बंदराचं बघ, पण ते बंदराचं आहे हे विसरू नको, आत जाशील तसतशी भरती उशिरा लागते. रायबंदरहून भरती लागल्या लागल्या सूट, पाणीच तुला जुन्या गोव्यापुढे ढकलत नेईल, पेट्रोल वाचेल. कालव्यात शिरताना पाणी जवळजवळ भरलेलं पाहिजे. ओहोटीच्या तळाला गेलास तर मधेच चिखलात बसशील आणि पुढची भरती येईपर्यंत तिथेच, उतरून ढकलायचा विचारसुद्धा करू नको, मांडीपर्यंत आत जातो माणूस. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ओढही जोरात असते, पहिल्यांदा जाणाऱ्याने अष्टमीच्या आसपास जावं.

आता तुझ्या बेतातली खरी गोम ऐक. कालव्यातून बाहेर पडतोस तो जुवारीच्या खालच्या अंगाला, मडकईकडे. दुर्भाट वरच्या अंगाला. भरतीवर निघून कालवा पार करीपर्यंत ओहोटी लागलेली असणार, म्हणजे कालव्यातून बाहेर यायला मदत आणि दुर्भाटला जायला तेच पाणी तोंडावर. तेव्हा मडकईच्या बाजूला कडेला थांब, डबा खा, पुढची भरती लागली की वर जा. मामांना सांग जेवण रात्रीचं.

चवथ झाल्यावर लगेच नको. पावसात वरून लोंढ्याबरोबर ओंडके, माडाच्या झावळ्या सगळं येतं. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा दांडा पावसाळ्यात असा होतो की बार्जी त्या वाटेने समुद्रात जातच नसत, ह्याच कालव्यातून जुवारीत उतरून मुरगांवला जायच्या. दसरा होऊ दे, पाणी निवळू दे, मग जा.

आणि बार्ज दिसली तर आपण कडेला. सांगतो का ते. बार्जीचं व्हीलहाऊस मागच्या टोकाला असतं. रिकामी बार्ज पाण्यावर उंच तरंगते आणि पुढची नाळ एवढी वर असते की सुकाणूवरच्या माणसाला नाळेखालची तुझी होडी दिसतच नाही, पुढे उभा असलेला खलाशी ओरडला तर कळणार. भरलेली असेल तर दिसशील, पण एवढं वजन ब्रेक मारून थांबत नाही. वळणावर हॉर्न ऐकू आला की मधली धार सोडायची आणि लाट नाळेवर घ्यायची, आडवी घेऊ नको. तसंच फेरीबोटीचं, ती ह्या काठावरून त्या काठावर जाते, तिच्या पुढून घुसायचं नाही, मागून जायचं.

मगरमित्र

वैनींना सांगा मगरी आहेत हे खरं आहे, लोक पैसे देऊन बघायला जातात. ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात, होडीचा आवाज आला की स्वतःच पाण्यात सरकतात. हात-पाय पाण्यात सोडून बसायचं नाही आणि मासळी धुतलेलं पाणी होडीजवळ ओतायचं नाही, बस्स. आणि दुर्भाटला जाताच आहात तर पौषातल्या अमावास्येचं जमवा, मांगे थापणी बघायला मिळेल. बांधावर ओल्या चिखलाची मगर करतात, अंगावर खवल्यांच्या जागी शिंपले टोचतात आणि तिची पूजा करतात. खाजनात, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेतात काम करणारी माणसं, मगरीशी सलोखा ठेवूनच राहायचं ना.

स्विंडनची_ताई

आम्ही म्हापशाचे, आता स्विंडनला, इथे गोंयकार एवढे आहेत की बाजारात कोकणी ऐकू येते. इथून जवळच डिव्हायझेसला केन हिल आहे, केनेट अँड एव्हन कालव्यावर, ओळीने २९ लॉक, त्यातले १६ तर एका सरळ रेषेत टेकडी चढतात, पायथ्याशी उभं राहिलं की नुसते दरवाजेच दरवाजे. दादा तुम्ही बघता ते व्हिडिओ बहुतेक असल्याच ठिकाणचे.

माझ्या दिराने बोट भाड्याने घेतली होती तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. इथे सुट्टीसाठी भाड्याने घ्यायला लायसन्स लागत नाही, बोटवाला अर्धा-पाऊण तास शिकवतो आणि किल्ली देतो. वेग ताशी चार मैल, काठावरची कुत्रा फिरवणारी बाई आपल्या पुढे निघून जाते. लॉकचं काम असं, बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, मग वरच्या दरवाज्याची झडप लोखंडी हँडलने फिरवून उघडायची, वरचं पाणी आत येतं, पाणी समान झालं की दरवाजा कमरेने ढकलला तरी हलतो. समान व्हायच्या आधी चार माणसं लावा, हलणार नाही, पाणीच तो दाबून धरतं. म्हणून दोन्ही फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, पाणी जितकं जास्त तितका दरवाजा घट्ट.

खाली उतरताना मात्र लक्ष ठेवावं लागतं. वरच्या दरवाज्याच्या आत सिमेंटचा उंबरा असतो, पाणी भरलेलं असताना दिसत नाही, पाणी उतरलं आणि बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला की पुढचा भाग खाली, मागचा वर आणि बोट बुडते. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, तिच्या पुढे राहायचं. दीर सगळं करायचा आणि मी रेघ बघायला उभी, माझं तेवढंच काम आणि त्यावरूनही भांडण.

मडकईचो_शेतकार

ताईंनी दरवाज्याचं सांगितलं म्हणून लिहितो, असला दरवाजा आपल्याकडेही आहे की, बोटीसाठी नाही एवढंच. खाजनाच्या बांधाला मानस असते ती बघितलीय का कोणी नीट? भरती चढली की बाहेरचं खारं पाणी लाकडी फळी दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं, कोणी हँडल फिरवायला नको. शेत वाचतं आणि आतल्या पोंयत, म्हणजे बांधाआडच्या पाण्यात, मासळी राहते.

तेव्हा डिचोलीकर, एक विनंती. मानशीच्या तोंडाशी होडी बांधू नका, पाणी सुटलं की ओढ जबर असते आणि तिथे जाळं लावलेलं असतं, त्यावर कोणाचं तरी पोट आहे. कालव्यात आणि जुवारीत खुंट मारून जाळी बांधलेली असतात, दोन खुंटांच्या मधून जायचं नाही. आणि बांधाजवळून जाताना इंजिन हळू, लाटेने बांधाची माती सुटते, दुरुस्ती आम्हाला करावी लागते.

कागदोपत्री

होडीची नोंद कोणाच्या नावावर आहे? सेकंड हँड म्हणालात म्हणून विचारतो. जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात जाऊन बदलून घ्या. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आलाय. मासेमारीची होडी म्हणून नोंद आहे की फिरायची म्हणून, तेही बघा, पुढचे कागद त्यावर. विमा काढा. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि अंगात, सीटखाली नव्हे.

डिचोलीकर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. नोंद अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे, सोमवारी जातो. मगरींचं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली मी गाडीने दुर्भाटला येते, तुम्ही या पाण्यातून. तांडेलबाब, दसऱ्यानंतरची अष्टमी धरू का? आणि चिखलात इंजिनाचं काय, काही काळजी घ्यायची?

बेतीचा_तांडेल

धर, पण त्या दिवशी भरती पहाटे लागते की दुपारी ते बघूनच ठरव, अंधारात जुवारीत जायचं नाही. दुपारची असली तर काही दिवस पुढेमागे कर, रोज साधारण पाऊण तासाने भरती पुढे सरकते.

इंजिनाचं असं, चालू असताना मागून पाण्याची बारीक पिचकारी उडत असते बघ, ती इंजिन गार करून आलेल्या पाण्याची. डोळा तिच्यावर ठेव. ती बारीक झाली किंवा थांबली तर समज चिखल नाहीतर प्लास्टिकची पिशवी ओढली गेली, तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं, वर उचलायचं, पाणी आत ओढायची जाळी साफ करायची. म्हणून होडीत एक लांब बांबू, दोन वल्ही, दोरीसकट नांगर आणि पिशवी कापायला कोयता. भावोजींना वल्हं मारता येतं ना? नसेल तर आधी दिवाडीला शिकव.

निघायच्या आदल्या दिवशी इथे लिही, बाणस्तारीला माझा पुतण्या असतो, पुलाखालचं पाणी बघून सांगेल.