डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा ‘व्हॅम्पायर’ (१९३२) बघण्यासारखा आहे का?

प्रश्न: सुरुवातीच्या बोलपटांतले भयपट बघतोय. ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ झाले. हा फार संथ आहे म्हणतात. लावू का?

प्रतिसाद १: लावाच! रात्री, दिवे घालवून. संवाद अगदी मोजके आहेत. रुडॉल्फ माटेनं भिंगापुढे जाळीचं कापड धरून चित्रण केलंय, त्यामुळे भरदिवसाही सगळं धुरकट दिसतं. लाकडी पायाच्या शिपायाची सावली एकटीच फिरून येते आणि बाकावर बसलेल्या त्याला येऊन चिकटते. आणि तो शवपेटीचा प्रसंग! नायक आत, झाकणाला काच, कॅमेरा त्याच्या डोळ्यांनी वर बघतोय. झाकणाचे स्क्रू पिळले जातात, काचेवर मेणबत्ती लागते, मग पेटी उचलतात आणि वरून झाडं, आभाळ सरकत जातं. इतकं गुदमरायला मला दुसऱ्या कुठल्याच भयपटात झालेलं नाही.

प्रतिसाद २: पण नायक किती निर्विकार! पैसे त्यानेच घातले होते ना?

प्रतिसाद १: हो, निकोला द गुंझबुर्ग, पडद्यावर ज्यूलियन वेस्ट. नट नव्हताच तो. पण झोपेत चालणाऱ्याचा तो चेहराच इथे हवा होता. बर्लिनच्या प्रेक्षकांनी तेव्हा हुर्यो उडवली, फार अन्याय झाला या सिनेमावर. शेवटची पिठाची गिरणी येईपर्यंत उठू नका. जर्मन प्रतच शोधा.