मदत हवी आहे: नॉर्वेतला ‘लानस्यूनिंग’ आणि आपला ‘मतलई’

नमस्कार मंडळी,

मी मूळची देवगडची, सध्या बर्गनला असते. शेजारचे आजोबा उभा जन्म मासेमारी केलेले. परवा मी कपडे वाळत घालत होते, तर धुराड्यातला धूर कुठे वळतोय ते बघून म्हणाले, "लानस्यूनिंग आहे, कपडे आत घे." तासाभरात पाऊस आलाच.

शब्दकोशात अर्थ मिळाला: आग्नेयेचा वारा. पण शब्द फोडल्यावर मी थक्क झाले. ‘लान’ म्हणजे जमीन आणि ‘स्यून’ म्हणजे दक्षिण, अर्थात जमिनीकडच्या दक्षिणेचा वारा! नैऋत्येचा तो ‘ऊटस्यूनिंग’. ‘ऊट’ म्हणजे बाहेर, समुद्राकडे. नॉर्वेजियनची पूर्वज असलेल्या जुन्या नॉर्स भाषेतही ईशान्य म्हणजे ‘जमीन-उत्तर’ आणि वायव्य म्हणजे ‘बाहेर-उत्तर’. पश्चिम नॉर्वेत समुद्र मावळतीला, जमीन उगवतीला, म्हणून हे नेमकं बसतं. दक्षिणेचा मूळ शब्द ‘सुन्न’, त्यातल्या उ चा यू झाला तो पुढच्या ‘-इंग’ प्रत्ययातल्या इ मुळे.

सगळ्यात आवडलं ते आइसलँडचं. नवव्या शतकात नॉर्वेहून तिथे गेलेल्या लोकांनी हे शब्द बरोबर नेले. आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर उभं राहिलं तर जमीन दक्षिणेला आणि ईशान्येला नुसता समुद्र. तरी ईशान्य ‘जमीन-उत्तर’च राहिली! माणसं घर सोडून गेली, पण दिशा जुन्या घराच्याच ठेवल्या. परदेशात राहून हे वाचताना माझ्या पोटात कालवलं.

आता माझी अडचण. देवगडलाही समुद्र पश्चिमेला आणि जमीन पूर्वेला, म्हणजे मांडणी अगदी तीच. पुस्तकातले समुद्राकडून येणारे खारे वारे आणि जमिनीकडून येणारे मतलई वारे माहीत आहेत. पण आग्नेय, नैऋत्य अशा कोनातल्या वाऱ्यांना आपल्या कोळी-गाबीत मंडळींत वेगळी नावं आहेत का? त्यांतही ‘जमिनीकडचा’, ‘बाहेरचा’ असा भेद दिसतो का?

आणि ‘मतलई’ कुठून आला? अरबीत ‘मत्ला’ म्हणजे उगवण्याची जागा. गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, हाही शब्द त्याच कुळातला. मतलई म्हणजे उगवतीचा वारा असं म्हणता येईल का?

घरात कुणी होडीवर जाणारं असेल तर कृपया त्यांना विचारून लिहा. शब्द कुठल्या गावचा तेही सांगा, अगदी मालवणीत सांगितलंत तरी चालेल.