वडिलांची 52 व्या वर्षी अँजिओप्लास्टी, मी आत्तापासून काय बदलू?

सातारी_पोरगा: वय 38, पुण्यात आयटीत आहे, दिवसभर खुर्चीत. परवा लिपिड प्रोफाइल (कोलेस्ट्रॉलची रक्ततपासणी) केलं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल 148 आलं, बीपी शुगर नॉर्मल. घरचे म्हणतात रिफाइंड बंद कर आणि घाण्याचं तेल आण, मामा म्हणतात खोबरेलच भारी. नक्की कुठलं तेल आणू?

सुनीता_कोपु: अरे दादा कुठलं तेल ते नंतर बघ, आधी किती लागतं ते बघ. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅमच्या आसपास तेल पोटात जातंय, आणि बाहेरचा वडापाव, फरसाण त्यात धरलेलंच नाही. आम्ही डब्यावर आणल्याची तारीख लिहितो, डबा दोन महिने पुरवायचा. शेंगदाणा, करडई काहीही चालेल, घाण्याचं असलं तरी तेलच ते, कॅलरी तेवढ्याच. खोबरेलात मात्र सॅच्युरेटेड फॅट 80 टक्क्यांच्या वर असतं, एलडीएल वाढलेलं असताना रोजच्या फोडणीला ते नकोच. आणि तळलेलं तेल परत परत तापवू नका प्लीज.

निशिगंध: मिठाचं कोणी बोलतच नाही!! दिवसाला 5 ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यातच लोणचं, पापड, शेव सगळं आलं. सैंधव घेतलं तरी सोडियम असतंच. घरात कोणी तंबाखू खातं का?

सातारी_पोरगा: मी नाही, पण आई मिश्री लावते.

निशिगंध: मग तिची मिश्री आधी सोडवा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, बीपी वाढतं. दात घासायचीच सवय आहे म्हणून घरात कोणाला खटकत नाही, पण रागावून काही होणार नाही, दातांच्या डॉक्टरकडे सोबत घेऊन जा, त्यांचं ऐकतील.

लॅबवाला_नाशिक: वडिलांना 55 च्या आत त्रास झाला की मुलाची रिस्क वाढलेली धरतात, त्यामुळे नुसत्या पथ्यावर राहू नकोस, रिपोर्ट घेऊन फिजिशियनला भेट. लिपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक घटक) याची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घे, ते आनुवंशिक असतं, खाण्याने फारसं हलत नाही आणि साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये येतही नाही. कंबर बेंबीपाशी मोज, पुरुषांना 90 सेंमीच्या आत हवी. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा स्पीड. डॉक्टरांनी कोलेस्ट्रॉलची गोळी सांगितली तर घे, पथ्य चालूच ठेव आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एलडीएल परत कर.