सीआयआरएमचं मेंबर होऊन छोट्या सर्व्हिसवाल्याला फायदा आहे का?

खारवीवाडा_व्हीएचएफ:
नमस्कार मंडळी, मी वास्कोला एका छोट्या सर्व्हिस कंपनीत आहे, ट्रॉलरचे व्हीएचएफ रेडिओ, फिशफाइंडर, बार्जवरचे रडार, आणि मुरगावला जहाज लागलं तर कधीतरी एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) नाहीतर व्हीडीआर (जहाजाचा ब्लॅक बॉक्स). आता आमच्या पात्रांवच्या (मालकाच्या) डोक्यात कुणीतरी भरवलंय की लंडनच्या सीआयआरएमचं मेंबर झालो की मोठ्या जहाजांची कामं आपोआप येतील. हे लोक नक्की करतात काय? अप्रूव्हल देतात का?

रिटायर्ड_स्पार्क्स:
अप्रूव्हल बिप्रूव्हल काही नाही रे. मरीन इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्यांची संघटना आहे ती, १९२८ पासूनची, म्हणजे रेडिओच्या जमान्यातली, नाव अजून फ्रेंचच आहे, कोमिते इंटरनॅशनल रेडिओ-मरितीम. उपकरणाने काय करायला पाहिजे ते आयएमओ, म्हणजे यूएनची जहाजवाहतुकीची संस्था, ठरवते, ते तपासायचं कसं याचं स्टँडर्ड आयईसी ही इलेक्ट्रिकल स्टँडर्डवाली आंतरराष्ट्रीय संस्था काढते, आणि शिक्का मारतात फ्लॅग स्टेट (जहाज जिथे नोंदवलंय तो देश) नाहीतर क्लास (जहाजं तपासून सर्टिफिकेट देणारी सोसायटी), आपल्याकडे डीजी शिपिंग आणि आयआरएस (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग). सीआयआरएम यात कुठे, तर नियम लिहिले जातात तिथे बसून सांगते की बाबांनो हे बनवता येईल आणि हे येणार नाही.

मांडवी_किनारी:
म्हणजे सरळ लॉबी म्हणा ना

रिटायर्ड_स्पार्क्स:
आहेच की, पण आयएमओत मत फक्त देशांना असतं, यांना बोलायची आणि पेपर द्यायची मुभा. आणि गरज पण आहे हो, प्रत्येक मेकच्या रडारवर बटणं वेगळीकडे, मेनू वेगळा, नवीन जहाजावर चढलेला ऑफिसर आधी रेंज कुठे बदलायची ते शोधणार की समोरची बोट बघणार? त्यावर २०१९ मध्ये आयएमओच्या गाइडलाइन्स आल्या, चिन्हं आणि शब्द सगळीकडे सारखे असावेत म्हणून. आता असलं काम एकट्या कंपनीने करायचं म्हटलं तर बाकीचे ऐकतील कशाला.

झुवारी_टेक:
ट्रॉलरवाल्याला याचं काय पडलंय, त्याचा जीपीएस प्लॉटरशी बोलला की झालं 😄 आणि उपकरणांनी एकमेकांशी बोलायचं ते ४८०० बॉडवालं ०१८३ स्टँडर्ड एनएमईएचं, ती अमेरिकेतली वेगळी संघटना, लोक दोन्ही एकच समजतात. पण तुमच्या कामाचं एक आहे, सीआयआरएम आणि बिम्को या जहाजमालकांच्या संघटनेने मिळून जहाजावरच्या उपकरणांच्या सॉफ्टवेअर मेंटेनन्सचं स्टँडर्ड काढलं २०१७ ला, पुढे त्यावरूनच आयएसओ २४०६० आलं. मेकर, सर्व्हिसवाला, जहाजमालक, कुणी काय करायचं ते त्यात आहे. एक्डिसमध्ये (जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक चार्टच्या यंत्रात) पेन ड्राइव्ह घातला, अपडेट मारलं आणि जेवायला गेलो, असं चालत नाही, कुठलं व्हर्जन होतं, कुठलं टाकलं, कुणी टाकलं, सगळं नोंदवायचं, आणि बिघडलं तर मागे कसं यायचं ते आधी ठरवायचं.

खारवीवाडा_व्हीएचएफ:
हे बेस्ट, आमच्याकडे जॉब शीटवर नुसतं "अपडेट केले" लिहितात 🙈 मग पात्रांवला काय सांगू?

रिटायर्ड_स्पार्क्स:
सांग की फीचे पैसे ठेव आणि आधी एखाद्या मेकरची ऑथराइज्ड सर्व्हिस एजन्सी मिळव, व्हीडीआरची वार्षिक टेस्ट आणि रेडिओ सर्व्हे करायचे तर क्लासची मान्यता वेगळी लागते तीही बघ. जहाजाचा एजंट फोन करताना तेच विचारतो.