१९६७ ची अल्फा जीटी मिळून राहिली, नागपुरात ठेवायची की नाही?

संत्रानगरीवाला
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता विचारायची वेळ आली. मुंबईत ओळखीतल्या एका घरी १९६७ ची अल्फा रोमिओ जुलिया स्प्रिंट जीटी वेलोचे उभी आहे, राईट हँड ड्राइव्ह, १६०० चं ट्विन कॅम इंजिन, बरीच वर्षं कव्हरखालीच आहे. आरसी त्या काकांच्या वडिलांच्या नावावर, ते आता नाहीत. काकांची एकच अट, लग्नात भाड्याने फिरवणाऱ्याला द्यायची नाही, म्हणून भाव जरा बोलण्यासारखा आहे. फोटो पाहिल्यापासून माझी झोप उडालीय.

घर प्रतापनगरला, कव्हर्ड पार्किंग आहे. लहानपण पद्मिनीत गेलं त्यामुळे चोक ओढणं, धक्का मारणं वगैरेचं अप्रूप नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो त्यात ही टिकेल का, आताच्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर चालेल का, नागपुरात हिला हात लावणारा कोणी आहे का आणि आरटीओचं काय? मला म्युझियम नाही करायचं, रविवारी सकाळी रामटेक, कधी पेंच, मूड आला तर समृद्धीवरून थेट शिर्डी असं चालवायचंय. घरचे म्हणतात एवढ्यात नवी एसयूव्ही येते. येते न, कोण नाही म्हणते.

तर्रीपोहे
घेऊन टाक बे, विचारून काय राहिला! रामटेकला निघशील तेव्हा मला घे फक्त.

वेबरवाला_पुणे
थांबा जरा, घेऊन टाक म्हणणाऱ्यांचे पैसे जात नाहीत. आधी गाडी उचलून खालून बघा, इंजिनाचं नंतर. इंजिन उलट या गाडीतली सगळ्यात निर्धास्त गोष्ट आहे, ब्लॉक आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे, आत वेट लायनर (सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळ्या, भोवती पाणी), वरचे दोन्ही कॅम चेनवर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोटात सोडियम भरलेलं, आणि पिस्टन-लायनरचे सेट आजही युरोपातून नवे येतात. चांगला मशीन शॉप असला की ते उभं राहतंच.

गाडी जाते ती पत्र्याने. हिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, त्यामुळे दाराखालचे सिल (पत्र्याच्या पोकळ पट्ट्या) आतून खाल्लेले असतील तर वरून कितीही चकाचक लाल रंग मारलेला असो, ती गाडी मधून वाकणार. त्या काळच्या इटालियन गाड्यांना गंजापासून संरक्षण असं फारसं नव्हतंच, आणि ही तर मुंबईच्या खाऱ्या हवेत उभी. सिल, जॅक लावायच्या जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, समोरच्या काचेचे खालचे कोपरे, पायाखालचा फ्लोअर, इतकं तरी बघाच. खिशात चुंबक न्या, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. अजून एक, १९६७ च्या गाडीला बोनेटच्या पुढच्या कडेला एक बारीक पायरी असते, बोनेट नाकापेक्षा किंचित वर संपतं. ती दोन्ही बाजूंना सारखी नसेल किंवा गायबच असेल तर समोरून ठोकलेली गाडी कोणीतरी पुट्टीने सपाट केलीय. जुजारोने बर्टोनेकडे असताना अगदी विशीच्या सुरुवातीला ही गाडी काढली, ती पायरी गेली की अर्धी गाडी गेली असं माझं मत, बाकीच्यांचं वेगळं असेल.

इंजिन नंबरही वाचा. आपल्याकडे जुन्या इम्पोर्टेड गाड्यांत पार्ट मिळेना म्हणून बिनधास्त दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवायचे. जीटी वेलोचेचा नंबर ए आर ००५३६ ने सुरू व्हायला हवा. चेसिस नंबरवरून इटलीतला कंपनीचा हेरिटेज विभाग कागद काढून देतो, पैसे घेतात पण पुढचे पैसे वाचतात.

हिशेबी_माणूस
मी विरोधात. गाडीची किंमत म्हणजे फक्त प्रवेश फी आहे. नंतर प्रत्येक रबरी बुश परदेशातून, त्यावर भाडं, त्यावर कस्टम्स, आणि ते येईपर्यंत गाडी जॅकवर. आणि नागपुरात वर्षातले किती महिने चालवणार? एप्रिल-मे गेले, पावसात काढणार नाही, उरलं काय. चांगली पद्मिनी घ्या, तीही इटालियनच की.

सदरचा_फियाटवाला
पद्मिनीचं नाव निघालं म्हणून बोलतो, माझ्याकडे आहे आणि उन्हाळ्यातही काढतो. उन्हाची भीती जरा जास्तच दाखवून राहिले लोक. पद्मिनीत कार्ब्युरेटर आन् एक्झॉस्ट एकाच अंगाला, म्हणून ते पेट्रोल उकळते आन् आपण व्हरायटी चौकात इंजिनाजवळच्या फ्युएल पंपावर ओला फडका टाकून बसतो. अल्फात कार्ब एका बाजूला, एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला, तेवढा त्रास नाही होत. रेडिएटर मात्र खोलून नवा कोर टाकून घ्या, शहरात हे काम करणारे जुने लोक आहेत अजून, आन् थर्मोस्टॅटवाला एक इलेक्ट्रिक पंखा लावून द्या. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या, सिग्नलवर ते नसतात उभे.

खरी डोकेदुखी ई२०. इथेनॉल हवेतलं पाणी ओढते, गाडी उभी राहिली की टाकीत खाली पाणी बसते आन् टाकी आतून गंजते. जुने रबरी होज, म्हणजे पेट्रोलच्या नळ्या, फुगून फाटतात, आन् होज फाटला म्हणजे गरम इंजिनावर पेट्रोल, पुढचं सांगायला नको. पहिल्याच दिवशी पुढून मागपर्यंत सगळे होज इथेनॉल सहन करणारे टाका, डायफ्रॅम, ओ-रिंग सगळं. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून मिक्श्चर लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, लीन म्हणजे गरम, आन् गरमीची आपल्याकडे काय कमी. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) थोडे मोठे लागतील. लेडचं टेन्शन घेऊ नका, २००० पासून देशात लेडवालं पेट्रोल नाही आन् हिच्या हेडमध्ये कडक सीट बसवलेल्याच असतात. महागडं हाय ऑक्टेन घ्यायचं असेल तर घरी तपासा, मापाच्या काचनळीत थोडं पाणी, वर पेट्रोल, हलवून ठेवा, खालचा पाण्याचा थर वाढलेला दिसला म्हणजे त्यात इथेनॉल आहे.

कागदपत्रवाला
आरटीओचं थोडक्यात. वडिलांच्या नावावर आहे म्हणजे आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर, मग २९-३० वर तुमच्या. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची सही घ्या, काकांच्या बहिणी असतीलच कुठेतरी. राज्य तेच, त्यामुळे नंबर बदलायची गरज नाही.

पण एक मेख आहे. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नंबरात व्हीए अक्षरं. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. मात्र बॉडी, चेसिस, इंजिन मूळचं हवं (वरचा इंजिन नंबरचा मुद्दा इथे कामाचा) आणि ती गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुमचं पेंच-शिर्डी त्यात बसत नाही. तसं चालवायचं तर साध्या खासगी गाडीसारखं दर पाच वर्षांनी रिन्यूअल, ग्रीन टॅक्स, इन्स्पेक्शन, आणि इम्पोर्टेड गाडीची रिन्यूअल फी साध्या गाडीपेक्षा बरीच जास्त. आधी ठरवा, मग अर्ज करा.

धरमपेठ_ते_बर्मिंगहॅम
मी इथे १७५० जीटीव्ही चालवतो, म्हणजे याच गाडीची पुढची बहीण, त्यामुळे गप्प बसवेना. हिशेबीदादा, पद्मिनी छान आहे पण तुलना होत नाही हो. हजार किलोच्या आतबाहेरचं वजन, चारही चाकांना डिस्क, पाच गिअर, १०९ हॉर्सपॉवर, हे १९६७ मध्ये, जेव्हा आपल्याकडे अँबेसेडर चार गिअरवर भागवत होती. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे दोन्ही वेबर कार्ब्युरेटर जो आवाज ओढतात त्यासाठी लोक घर गहाण टाकतात. स्टिअरिंग जड आहे, पार्किंगमध्ये घाम काढतं, चालायला लागली की विसरायला होतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सकाळी गिअरबॉक्स थंड असताना दुसऱ्या गिअरमध्ये घाई करायची नाही, या गाडीचा सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारी कडी, तिथेच आधी जाते. टेस्ट ड्राइव्ह मिळाली तर तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्या, करकर आली तर गिअरबॉक्स उघडण्याचे पैसे भावातून कापा. दुसरं, पोटाखाली रुंद अ‍ॅल्युमिनियमचा ऑईल संप आहे, सहा लिटरच्या आसपास ऑईल मावतं, आणि तो चांगलाच खाली लटकतो. इथले लोक इथल्या स्पीड ब्रेकरला घाबरतात, आणि आपल्या गल्लीतले ब्रेकर तर काही ठिकाणी रातोरात कोणीतरी सिमेंट ओतून केलेले असतात. संप फुटला की क्षणात ऑईल खाली आणि मागोमाग बेअरिंग. जाड पत्र्याचा संप गार्ड लावल्याशिवाय प्रतापनगरच्या बाहेर पडू नका, प्रतापनगरच्या आतही नको खरं तर.

समृद्धीवर मर्यादा १२०, गाडी कागदावर १८५ ची आहे, दम आहेच. पण टायर बघा. १५५ आणि १५ इंची रिम, दुकानात सहज मिळत नाही म्हणून मालक वीस वर्षांचे टायर तसेच ठेवतात, नक्षी दिसते छान पण रबर लाकूड झालेलं असतं. नवे टायर आल्याशिवाय त्या काँक्रीटवर जायचं नाव काढू नका.

संत्रानगरीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काकांना फोन केला, दोन आत्या आहेत, एक नाशिकला, दोघी सही द्यायला तयार. व्हीए नको, साध्या नोंदणीवरच ठेवीन म्हणतो, फी गेली तर गेली. चुंबक घेतलं. पुढच्या आठवड्यात बघायला जातोय. पत्रा बरा निघाला तर नवे टायर-होज टाकून समृद्धीवरूनच चालवत आणावी का?

वेबरवाला_पुणे
अजिबात नाही. फ्लॅटबेड, म्हणजे ट्रकवर चढवून. इतकी वर्षं उभी गाडी, ब्रेकचे सील, कॅलिपर, टाकी काहीच उघडलेलं नाही.

सदरचा_फियाटवाला
फ्लॅटबेडवाला माझ्या ओळखीचा आहे, मुंबईची फेरी करते तो. मेसेज टाकतो. आन् बॅटरी काढून मगच चढवा.

तर्रीपोहे
म्हणजे रामटेक या महिन्यात नाही का मग?