दोरा बांधला की बैल

पुरुषाचं जनावर करणारी बाई म्हणजे ग्रीकांची सर्सी, आपल्याकडच्या चेटकिणी फार तर मूठ मारणार, असं कुणीतरी म्हटलंय. पटलं नाही. ११व्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेला कथासरित्सागर बघा. वाराणसीची सोमदा भांडणानंतर प्रियकर भवशर्म्याच्या गळ्यात दोरा बांधते, की झाला बैल! वर विकलाही जातो बिचारा. पुढे बंधमोचनिका नावाची योगिनी, म्हणजे तीही चेटूक जाणणारीच, त्याला बरोबर ओळखते आणि दोरा सोडून पुन्हा माणूस करते.

सर्सीला औषध कालवलेलं खाणं लागतं, वर छडीही. इथे नुसता दोरा. आणि सोडवणारीसुद्धा त्याच विद्येतली बाई. ग्रीक वीर ओडिसियसला मात्र सर्सीपासून वाचायला हर्मीस देवाने दिलेली मुळी लागली होती.